उबंटूवर बॅश-कम्प्लीशन: काही महिन्यांच्या वापरानंतर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या डीटीपी दुकानांत एकाच फोल्डरात मराठी, कानडी आणि इंग्रजी अशी तीन तऱ्हेची फाइलनावं असतात. टर्मिनलमध्ये टॅब दाबल्यावर आज्ञा आणि फाइलनावं पुरी करणारं हे पॅकेज अशा ठिकाणी टिकतं का, हा प्रश्न. टिकतं, पण टॅब अडला की लोक उगाच पॅकेज काढून परत घालत बसतात. खोट बहुधा तिथे नसते.

पहिल्यांदा शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये आज्ञा वाचणारा प्रोग्राम, बघा. ‘यूजरॲड’ या आज्ञेने केलेल्या खात्याला उबंटूत साधा ‘एसएच’ मिळतो. तिथे टॅब दाबला की नुसती मोकळी जागा पडते. शेल बदलणाऱ्या ‘सीएचएसएच’ने बॅश लावा, लॉगआउट करून परत या. ‘ॲडयूजर’ने खातं केलं तर ही भानगडच नाही. रूट म्हणजे प्रशासकाच्या खात्यात फाइलनावं पुरी होतात, पण ‘एपीटी’ किंवा ‘गिट’ या आज्ञांचे पुढचे शब्द येत नाहीत, कारण रूटच्या ‘.बॅशआरसी’ या सेटिंगच्या फाइलीत कम्प्लीशनच्या ओळी कॉमेंट केलेल्या असतात. त्यांच्यापुढची # चिन्हं काढली की झालं.

गिटसाठी टॅबचा नियम आहे का हे बघायला ‘कम्प्लीट -पी गिट’ टाकून ‘नियम नाही’ असं उत्तर आलं तरी घाबरू नका. नियम पहिल्या टॅबला लोड होतो. एकदा ‘गिट’, स्पेस, टॅब करून मग तपासा.

पीडीएफ उघडणाऱ्या ‘एव्हिन्स’पुढे टॅबला फाइल दिसत नसेल तर ती हरवलेली नाही. नियम एक्स्टेन्शन बघून गाळतो, आणि .पीडीएफ न लावता सेव्ह केलेली फाइल त्यात अडकते. ऑल्ट आणि / एकत्र दाबा, गाळणी बाजूला राहते.

खरी कटकट नावांची. ‘पत्रिका_खानापूर’ आणि ‘पत्ता_निपाणी’ शेजारी असताना ‘प’ टाकून टॅब दाबलं, तर ओळ ‘पत्’वर, हलन्तावर थांबते. हा बिघाड नाही, दोन्हींतला समान भाग तेवढाच आहे. पुढे ‘र’ किंवा ‘त’ द्या आणि परत टॅब.

याहून वाईट ‘ॲडमिशन’. एका कीबोर्डवर ‘ॲ’ हे एकच अक्षर पडतं, दुसऱ्यावर ‘अ’ आणि वर चंद्र अशी दोन. डोळ्यांना एकच, पण पहिलं ३ बाइटचं आणि दुसरं ६ बाइटचं. शेल बाइट जुळवतं, त्यामुळे टॅब गप्प. ‘एलएस’चं आउटपुट बाइट दाखवणाऱ्या ‘एक्सएक्सडी’तून काढलं की फरक दिसतो. उपाय एकच: दुकानात सगळ्यांनी एकच कीबोर्ड, आणि जुन्या फाइलींची नावं ‘एमव्ही’ने बदलून टाकणं. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग सापडला नाही.

एसएसएचवरून, म्हणजे दुसऱ्या मशीनला जोडल्यावर, मराठी नावं \३४०\२४४\२५२ अशी दिसू लागली तर लोकेल, म्हणजे भाषा-लिपीची सेटिंग, हललं आहे. ‘लँग’ला ‘सी.यूटीएफ-८’ द्या.

सारखं कीबोर्ड बदलायचा वैताग असेल, तर कळांची सेटिंग असलेल्या ‘.इनपुटआरसी’ फाइलीत टॅबला ‘मेनू-कम्प्लीट’ जोडा आणि ‘बाइंड -एफ’ने ती फाइल वाचून घ्या. मग आज्ञेपुढे नावाचं एकही अक्षर न टाकता टॅब दाबत गेलं की नावं एकेक करून ओळीत येतात. पाच-पंचवीस फाइलींपर्यंत झकास. दोनशे फाइलींच्या फोल्डरात मात्र बोट दुखेल, तिथे नावाआधी आकडे लावलेले बरे.

टॅबवर ‘हिअर-डॉक्युमेंट’साठी तात्पुरती फाइल करता येत नाही अशी तक्रार आली, तर आधी डिस्कवरची मोकळी जागा दाखवणारं ‘डीएफ’ बघा. डिस्क बहुधा भरलेली असते.