महागडे डिजिटल डिले पेडल्स: पाचवा रिपीट ऐका, मग बोला

डिले पेडल म्हणजे गिटारचा आवाज थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा ऐकवणारा डबा, प्रत्येक पुनरावृत्ती म्हणजे एक रिपीट. तो घ्यायला गेलेला माणूस बहुतेक वेळा काय करतो तर एक कॉर्ड मारतो, पहिला रिपीट ऐकतो, वा वा करतो आणि पुढच्या पेडलकडे वळतो. पण आता या रेंजमधल्या कुठल्याच पेडलचा पहिला रिपीट वाईट येत नाही हो. कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा परत आवाज करणारे भाग) चांगले, डीएसपी (त्या आकड्यांवर काम करणारी चिप) तगडं, नॉइज जवळपास नाहीच, त्यामुळे तिथे सगळेच पास. फरक कळतो चौथ्या-पाचव्या रिपीटला. कारण फीडबॅक म्हणजे काय, तर बाहेर आलेला आवाज परत आत सोडायचा, आणि त्या गोल फेऱ्यात फिल्टर, सुराची डगमग, सॅच्युरेशन (किंचित फाटलेला जाडपणा) जे काही बसवलंय ते प्रत्येक फेरीला परत एकदा लागतं. पहिल्या रिपीटला ट्रेबल जरासाच कापलेला वाटतो, पाचव्यापर्यंत तो पाच वेळा कापून झालेला असतो. तिथे कळतं की हे मॉडेल बनवणाऱ्याने खरंच कान लावून बनवलंय की नुसता वरून एक टोन कंट्रोल चिकटवलाय.

म्हणून माझी टेस्ट साधी आहे. मिक्स, म्हणजे मूळ आवाजात रिपीटचं प्रमाण, बऱ्यापैकी वर, फीडबॅक अर्ध्याच्या पुढे, एक छोटा तुटक नोट मारायचा आणि हात तारांवर ठेवून शेवटपर्यंत ऐकायचं. मग फीडबॅक आणखी वाढवून पेडलला ओरडायला लावायचं, म्हणजे सेल्फ ऑसिलेशनला न्यायचं, आणि बघायचं की ते गोड ओरडतं की कान फाडतं. मोड किती, प्रीसेट (साठवून ठेवलेली सेटिंग्ज) किती हे नंतर.

सुरुवात स्ट्रायमन टाइमलाइनपासून, कारण तुलना निघाली की पहिलं नाव हेच येतं. २०११ चं पेडल आहे, १२ डिले मशिन्स (म्हणजे डिलेचे प्रकार), २०० प्रीसेट, ३० सेकंदांचा स्टिरिओ लूपर (वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून फिरवत ठेवणारा). यातलं डीटेप (टेप मशीनची नक्कल) आणि डीबकेट (जुन्या ॲनालॉग डिलेची नक्कल) या दोन मशिन्सवर बहुतेकांचं नव्वद टक्के काम होतं असं मला वाटतं, बाकी दहा कधीतरी गंमत म्हणून. डीटेपचा पाचवा रिपीट खूप सुंदर आहे, मऊ होत होत मागे जातो, पण थोडा इस्त्री केलेला आहे, खऱ्या टेप मशीनचा खडबडीतपणा हवा असेल तर ग्रिट (खरखर वाढवणारा) नॉब बराच फिरवावा लागतो. फिल्टर आणि ग्रिट हे दोन नॉब वरतीच दिलेत हे मात्र फार शहाणपणाचं काम, कारण रिपीट बँडच्या आवाजात बसवायला नेमके हेच दोन लागतात. आइस मशीन तुमचा आवाज तुकडे तुकडे करून वेगळ्या सुरात परत देतं, अँबियंट वाजवणारे त्यावर जीव टाकतात, मला स्वतःला थोड्या वेळाने कंटाळा येतो पण ती माझी आवड. डक मशीन जास्त कामाचं, तुम्ही वाजवत असता तेव्हा रिपीट दबून राहतात आणि थांबलात की वर येतात, सोलोसाठी याच्यासारखं सोयीचं दुसरं काही नाही. ही ड‌किंगची कल्पना काही नवी नाही म्हणा, टीसी इलेक्ट्रॉनिकच्या २२९० या रॅक युनिटमध्ये (स्टुडिओच्या मांडणीत बसणारा मोठा डबा) ती १९८५ सालीच होती. टाइमलाइनची कटकट एकच, खोल सेटिंग्ज त्या छोट्याशा डिस्प्लेवर एक नॉब दाबून फिरवून शोधायची, घरी बसून ठीक आहे, दोन गाण्यांच्या मध्ये अजिबात नाही.

इव्हेंटाइड टाइमफॅक्टर त्याच्याही आधीचं, आणि इव्हेंटाइड म्हणजे १९७५ च्या एच९१० हार्मोनायझर या सूर बदलणाऱ्या यंत्राची कंपनी, स्टुडिओ रॅकमधूनच आलेली. पेडलमध्ये पण तोच स्वभाव दिसतो. १० नॉब, दोन वेगळे डिले ए आणि बी, प्रत्येकी ३ सेकंदांपर्यंत, दोघांचा टाइम वेगळा आणि फीडबॅकही वेगळा. पहिल्यांदा बघितलं की घाबरायला होतं, पण एकदा हात बसला की लक्षात येतं की मेनूत न जाता सगळं वरूनच होतंय. दोन डिले एकमेकांना छेदतील असे लावले, एक क्वार्टर नोटवर (एक ठोका) आणि एक डॉटेड एट्थवर (पाऊण ठोका), की एका साध्या रिफचा अख्खा पॅटर्न तयार होतो. टोनच्या बाबतीत मात्र माझं मत जरा कडक आहे, टाइमफॅक्टरचं टेपइको टाइमलाइनच्या डीटेपएवढं भुरळ घालत नाही, त्याचे रिपीट जास्त स्वच्छ आणि जास्त समोर येतात. पण मॉडडिले (लहरणारे रिपीट) आणि मल्टीटॅप (एका नोटचे अनेक रिपीट) लावा आणि शेवटपर्यंत ऐका, स्टिरिओमध्ये, मग बोला. ज्याला जुन्या मशीनची नक्कल नकोय, स्टुडिओवाला मोठा चकाचक डिले हवाय त्याने इकडे यावं.

आता बॉस डीडी-५००. याच्याकडे लोक उगाच नाक मुरडतात, बॉस म्हणजे बिगिनरचं असं काहीतरी डोक्यात असतं. २०१५ ला आलं, ३२ बिट फ्लोटिंग पॉइंट, ९६ किलोहर्ट्झ, १२ मोड, २९७ प्रीसेट, १० सेकंदांपर्यंत डिले, १२० सेकंदांचा लूपर. कागदावर तर बाकी सगळ्यांना खाऊन टाकतं. पण मला त्यात सगळ्यात जास्त आवडलेला मोड म्हणजे व्हिंटेज डिजिटल, म्हणजे गंमत बघा, एवढी ताकद ओतून कशाची नक्कल केलीये तर स्वतःच्याच घरातल्या रोलंड एसडीई-२०००, एसडीई-३००० आणि १९८३ च्या डीडी-२ ची. डीडी-२ म्हणजे छोट्या पेडलच्या डब्यात आलेला पहिला डिजिटल डिले, १२ बिट, जास्तीत जास्त ८०० मिलिसेकंद. आणि तो १२ बिटवाला आवाज बँडमध्ये आजच्या चकचकीत डिजिटलपेक्षा छान बसतो! कारण त्या जुन्या यंत्रांची बँडविड्थच मर्यादित होती, वरचा ट्रेबल फिल्टरने कापावाच लागायचा, त्यामुळे रिपीट मूळ नोटच्या अंगावर न येता अर्धं पाऊल मागे उभा राहतो. एकदम स्वच्छ २४ बिट रिपीट एकटं वाजवताना भारी वाटतो, बँडबरोबर मात्र आपल्याच सोलोशी भांडायला लागतो, हे ज्यांनी दोन गिटारांच्या बँडमध्ये वाजवलंय त्यांना सांगायला नको. डीडी-५०० चा टेप मोड ठीकठाक, ॲनालॉग बरा. स्क्रीन मोठी आणि वाचता येण्यासारखी, सेटिंग्ज मात्र इतक्या की माणूस वाजवायचं सोडून मॅन्युअल वाचत बसतो. चार एए सेलवर पण चालतं, एवढ्या मोठ्या डिलेमध्ये हे फारसं कुठे मिळत नाही.

एम्प्रेस इकोसिस्टमबद्दल जरा कमी बोललं जातं पण आवाजाच्या बाबतीत माझा कल तिकडेच झुकतो. एका वेळी दोन इंजिन चालतात, एकामागे एक, समांतर, किंवा एक डावीकडे एक उजवीकडे. टेप इंजिनला पुढे ठेवून मागे डिले+रिव्हर्बवालं इंजिन लावलं की वेगळा रिव्हर्ब (आवाज घुमवणारं पेडल) बोर्डवरून काढावासा वाटतो. पाचव्या रिपीटच्या परीक्षेत मी याला सगळ्यात वर ठेवतो, ॲनालॉगवाल्या मोडमध्ये रिपीट गढूळ होत जातो पण चिखल होत नाही, हा फरक ऐकल्याशिवाय कळणार नाही. स्क्रीन नाहीच, कुठला मोड चालू आहे ते लाइटच्या रंगावरून ओळखायचं. ज्यांना रंग नीट वेगळे दिसत नाहीत त्यांनी काय करायचं हा प्रश्न कुणी विचारला होता की नाही कोण जाणे. प्रीसेट ३५, जे मला पुरून उरतात.

बाकीचे पटापट. सोर्स ऑडिओ नेमेसिस छोट्या डब्यात २४ इंजिन देतं, त्यातली १२ नॉबवर आणि बाकीची ॲपमधून, जागा कमी असेल तर दुसरीकडे बघूच नका. स्ट्रायमन व्होलांते हे डिलेपेक्षा एक वाद्यच आहे म्हणा ना, चार प्लेबॅक हेड, प्रत्येक चालू-बंद करता येतं, ड्रम, टेप आणि स्टुडिओ असे तीन प्रकार, पण डॉटेड एट्थ लावून एक घाव दोन तुकडे करणाऱ्यांसाठी ते नाही. युनिव्हर्सल ऑडिओ स्टारलाइटचा टेप ईपी-३ मोड, म्हणजे इकोप्लेक्स या जुन्या टेप इकोची नक्कल, नुसत्या आवाजावर गेलो तर या यादीतला माझा सगळ्यात लाडका टेप, पण त्यात मिडी (दुसऱ्या यंत्रावरून पेडल चालवायची सोय) नाही आणि ढीगभर प्रीसेटही नाहीत, म्हणजे एकच सुंदर डिले हवा असणाऱ्यांनी घ्यावं. मेरिस एलव्हीएक्स २०२२ चं, कलर स्क्रीन, डिलेच्या आत काय कुठे लावायचं ते आपणच जोडायचं, साउंड डिझाइन करणाऱ्यांचं स्वप्न, माझ्यासारख्याला मात्र गिटार बाजूला पडेल अशी भीती.

आता टायमिंगचा विषय, जो आवाजाएवढाच महत्त्वाचा आहे आणि जो दुकानात कुणी तपासत नाही. गणित सोपं आहे, ६०,००० भागिले बीपीएम (मिनिटाला किती ठोके) म्हणजे क्वार्टर नोटचे मिलिसेकंद. १२० च्या टेम्पोला ५००, आणि डॉटेड एट्थ म्हणजे त्याचा पाऊण भाग, ३७५. स्लॅपबॅकला (एकच झटपट रिपीट) शंभरच्या आसपास, तिथे टेम्पोची फारशी पर्वा नाही. पण डॉटेड एट्थवर अख्खं गाणं उभं असेल तर ड्रमर जरा जरी पुढेमागे गेला तरी सगळी इमारत कलते. म्हणून टॅप स्विच (पायाने ठोके देऊन टेम्पो सांगायचं बटण) पायाखाली सहज येतो का, टॅप केल्यावर जुने रिपीट विचित्र सुरात वरखाली होतात का, आणि एका टॅपवर क्वार्टर मारून पेडल स्वतः डॉटेड काढतं का, हे बघून घ्या. क्लिकवर (कानात वाजणाऱ्या ठोक्यावर) वाजवणारा बँड असेल तर मिडी क्लॉक, म्हणजे मिडीवरून येणारा टेम्पो, लावून सुटका, टाइमलाइन, टाइमफॅक्टर आणि डीडी-५०० तिन्ही ते घेतात. आणि क्लिक नसेल तर फ्री द टोनचं फ्लाइट टाइम नावाचं एक अजब पेडल आहे, ते चालू वाजणाऱ्या संगीताचा टेम्पो ऐकून डिले टाइम आपोआप सरकवतं. कल्पना म्हणून मला हे या अख्ख्या यादीतलं सगळ्यात हुशार वाटतं, आवाज मात्र मुद्दाम साधा सरळ डिजिटल ठेवलाय, टेपबिपच्या अपेक्षेने जाऊ नका.

ड्राय सिग्नलचा एक मुद्दा. टाइमलाइन आणि इकोसिस्टममध्ये तुमचा मूळ आवाज ॲनालॉग वाटेनेच जातो, डिजिटल होतो तो फक्त रिपीटचा भाग. काही पेडल्स सगळंच डिजिटल करून परत जोडतात, आणि खरं सांगायचं तर चांगले कन्व्हर्टर असतील तर कानाला फरक कळणं अवघड आहे. पण दोन-तीन पेडल्स समांतर वाटेने मिसळणार असाल तर थोडासा उशीर एकमेकांत अडकून आवाज पोकळ होऊ शकतो, तिथे किल ड्राय सेटिंग (मूळ आवाज बंद करून फक्त रिपीट देणारं) आहे ना एवढं बघा.

आणि ट्रेल्स, म्हणजे मागे उरलेल्या रिपीटची शेपूट. बायपास (पेडल बंद) केल्यावर शेपूट वाजत राहणं ही एक गोष्ट आणि प्रीसेट बदलल्यावर आधीच्या प्रीसेटची शेपूट वाजत राहणं ही पूर्ण वेगळी गोष्ट, दुसरीसाठी आतल्या डीएसपीला काही क्षण दोन डिले एकदम ओढावे लागतात. जाहिरातीत दोन्हीला स्पिलओव्हरच म्हणतात. तुम्ही व्हर्समधून कोरसला प्रीसेट बदलणारे असाल तर नेमकं तेच करून बघा, दुकानदार कंटाळला तरी चालेल.

पॉवर सप्लाय विसरू नका. डीडी-५०० ला २०० मिलिअँप, टाइमलाइनला ३००, टाइमफॅक्टरला ५००, सगळे ९ व्होल्ट, आणि साध्या साखळीवाल्या ॲडॅप्टरवर हे डिजिटल डबे ड्राइव्ह पेडलांबरोबर (आवाज फाडणारी पेडल्स) लावले की जी बारीक शिट्टी सुरू होते तिचा दोष पेडलला देऊ नका, वेगळं आयसोलेटेड आउटपुट द्या. प्लग आणि पोलॅरिटी (प्लस-मायनसची बाजू) डब्यावर छापलेली बघूनच लावा.

मग कुठलं घ्यायचं? गाण्यागणिक वेगळा डिले, मिडी, बँडचं रोजचं काम असेल तर टाइमलाइन किंवा डीडी-५००, आणि या दोघांत पैसे वाचवायचे असतील तर बिनधास्त डीडी-५००, लोक काय म्हणतात ते सोडा. स्टिरिओत दोन अँप लावून मोठा पसरलेला आवाज हवा असेल तर टाइमफॅक्टर. मला स्वतःला एकच ठेवायला सांगितलं तर इकोसिस्टम. आणि एका अँपवर मोनोमध्ये दोनच सेटिंग वापरणारे असाल तर यातलं काहीच नको, एक छोटा टेपवाला डिले घ्या आणि उरलेल्या पैशात तारा, सेटअप आणि चांगली केबल बघा. सेकंड हँड घेत असाल तर टॅप स्विच आधी तपासा, सगळ्यात जास्त लाथा त्याच बिचाऱ्याने खाल्लेल्या असतात, आणि सगळे नॉब फिरवताना आवाज किंवा आकडा उड्या मारतोय का तेही बघा.