रॉ की सीआयए : अभ्यासाला कोणती घ्यावी?

लघुप्रबंधासाठी, व्याख्यानासाठी किंवा नुसतं वर्षभर नेटाने वाचायला एखादी परदेशात काम करणारी गुप्तचर संस्था निवडायची म्हटलं, की आपल्याकडे गाडी बहुधा भारताची रॉ (रिसर्च अँड ॲनालिसिस विंग) आणि अमेरिकेची सीआयए या दोनच नावांवर येऊन थांबते. माझीही तिथेच थांबली होती. आधी रॉ घेतली, चारेक महिने तिच्यामागे घालवले आणि मग सीआयएकडे वळलो. माझे दोन मित्र याला अजून पळपुटेपणा म्हणतात, आणि त्यांचं अगदीच चूक आहे असंही नाही. ज्याला आज हीच निवड करायची आहे त्याच्या कामी यावं म्हणून हे लिहितोय. माझा कल कुठे आहे ते लपणार नाहीच.

इस्रायलची मोसाद मी यादीत घेतलीच नाही. तिच्यावर मराठीत इतक्या रंगतदार गोष्टी फिरतात की संस्था चालते कशी हा प्रश्न बाजूलाच पडतो. ब्रिटनच्या एमआय-६ चा मोह मात्र झाला होता. १९०९ पासूनची परंपरा. पहिले प्रमुख मॅन्सफील्ड कमिंग हिरव्या शाईने ‘सी’ एवढीच सही करत आणि पुढच्या प्रमुखांनी ती रीत तशीच चालू ठेवली. पण ही संस्था आहे हे ब्रिटिश सरकारने उघडपणे मान्य केलं १९९२ मध्ये, तिच्यासाठी कायदा झाला १९९४ मध्ये, आणि २०१० साली निघालेला तिचा अधिकृत इतिहास १९४९ ला येऊन थांबतो. शीतयुद्ध सुरू होतंय आणि इतिहास संपतोय! दोन महायुद्धांत रस असेल तर जरूर घ्या. मला नव्हता.

सुरुवातीला रॉचं पारडं जड वाटतं, कारण गोष्ट आपली आहे. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांत बाहेरच्या बातमीची हलाखी दिसली. तोवर घरचं आणि बाहेरचं अशी दोन्ही कामं आयबी, म्हणजे इंटेलिजन्स ब्युरोच, पाहत होती. इंदिरा गांधींनी बाहेरचं काम वेगळं काढलं, २१ सप्टेंबर १९६८ ला नवी संस्था उभी केली आणि ती रामेश्वर नाथ काव यांच्या हाती दिली. तीनच वर्षांत बांगलादेश. नवं दुकान आणि पहिलीच दिवाळी इतकी मोठी, असं भाग्य फार थोड्या गुप्तचर संस्थांच्या वाट्याला आलं असेल.

रचनेतही खायला भरपूर आहे. नावातला ‘विंग’ हा शब्द आपण सहज उच्चारतो, पण तो शब्दशः घ्यायचा. कागदोपत्री रॉ ही स्वतंत्र संस्था नसून कॅबिनेट सचिवालयाची एक शाखा आहे. संसदेने केलेला कायदा तिच्यामागे नाही. प्रमुख हा सरकारी उतरंडीत एक सचिव असतो आणि तो थेट पंतप्रधानांकडे जातो. या ‘सचिव’ शब्दाचं वजन किती, ते १९७७ मध्ये कळलं. मोरारजी देसाईंचं सरकार आलं, काव गेले, त्यांच्या जागी त्यांचे जुने सहकारी शंकरन नायर आले. मग या पदाचं नाव सचिवाऐवजी संचालक करायचं ठरलं आणि नायर थोड्याच दिवसांत बाहेर पडले. बाहेरच्याला हा पाटीवरच्या अक्षरांचा वाद वाटेल. दिल्लीच्या कारभारात सचिवाची फाईल कुठवर थेट जाते आणि संचालकाची कुठे अडते, हे ज्याने पाहिलंय त्याला तो तसा वाटणार नाही. शिवाय स्वतःच्या केडरचे अधिकारी आणि पोलीस सेवेतून प्रतिनियुक्तीवर आलेले अधिकारी यांच्यातली जुनी धुसफूस आहे, १९६२ नंतर उभं राहिलेलं ओडिशातल्या चारबातियाच्या धावपट्टीचं आणि टेहळणी विमानांचं प्रकरण आहे. विषय म्हणून रॉ कुठेच कमी पडत नाही.

मग मी सोडली का? एका आकड्यापायी.

रॉवरचं कुठलंही पुस्तक किंवा लेख उघडा. सुरुवातीच्या पानांत एक वाक्य भेटतंच : संस्था सुरू झाली तेव्हा माणसं २५० आणि वर्षाचा खर्च २ कोटी रुपये. मीही ते माझ्या टिपणात उतरवलं आणि पुढे तळटीप द्यायला बसलो. ज्या पुस्तकातून घेतलं होतं त्यात आधार म्हणून एका लेखाचं नाव होतं. त्या लेखात आधी निघालेल्या एका पुस्तकाचं. त्या पुस्तकात आधारच नव्हता, नुसतं वाक्य होतं. दुसऱ्या वाटेने गेलो, तर एका निवृत्त अधिकाऱ्याच्या आठवणी निघाल्या. त्यांनी आकडा दिला होता, पण स्वतः पाहिला की ऐकला ते लिहिलं नव्हतं. तिसरी वाट फिरून पहिल्याच लेखावर आली. जवळजवळ तीन आठवडे यात गेले. आकडा खोटा असेल असं मी म्हणत नाही. कदाचित नेमका तोच असेल. पण पाच जण एकच गोष्ट सांगताहेत म्हणून पाच साक्षीदार धरायचे, की एकाच साक्षीदाराचे पाच प्रतिध्वनी, हे ठरवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

एकाने सुचवलं, माहिती अधिकारात अर्ज टाक. कायदा काढून बघितला : कलम २४ आणि दुसरी अनुसूची. रॉ त्या यादीत आहे. भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कभंगाचा आरोप असेल तरच दार किलकिलं होतं. १९६८ सालचा खर्च त्यात कसा बसवणार? अर्जाचे दहा रुपये वाचले. आठवणी लिहिणाऱ्यांचाही रस्ता अरुंद होत चाललाय. एका निवृत्त मेजर जनरलनी २००७ मध्ये रॉमधल्या दिवसांवर पुस्तक लिहिलं, तर सीबीआयने शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा दाखल केला. मे २०२१ मध्ये पेन्शनचे नियमच बदलले. आता गुप्तचर संस्थांतून निवृत्त झालेल्यांना तिथल्या कामाविषयी लिहायचं तर आधी परवानगी लागते, नाही तर पेन्शनवर गदा. म्हणजे ज्या एका झऱ्यावर हा सगळा अभ्यास जगतो तोही आटणार.

सीआयएकडे मी खरं तर वैतागून गेलो, प्रेमाने नाही. तिची जन्मकथा सगळ्यांना ठाऊक असते : दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकेची गुप्तचर संस्था ओएसएस अध्यक्ष ट्रुमननी १९४५ मध्ये मोडली, दोन वर्षांत पुन्हा गरज भासली आणि १९४७ च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याने सीआयए आली. मला भावलं ते यातलं कायद्याचं कलम. संस्थेने काय करायचं, कुणाला जाब द्यायचा, हे छापील आहे; त्यामुळे ती कुठे वाकडी गेली हेही दाखवता येतं. १९७५ मध्ये सिनेटर चर्च यांच्या समितीने नेमकं तेच केलं, आणि पुढच्या दोन वर्षांत अमेरिकेच्या संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, दोन्ही सभागृहांत गुप्तचर खात्यांवर नजर ठेवणाऱ्या कायम समित्या आल्या. संस्थेचा आराखडा कधी आणि का बदलला ते अशा टप्प्यांवर बोट ठेवून सांगता येतं. रॉच्या बाबतीत त्यासाठी कुणाच्या तरी आठवणींवर भिस्त ठेवावी लागते.

पण मला खरं धरून ठेवलं ते चौकटी कंसांनी. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या जुन्या कागदपत्रांचे खंड छापतं. दक्षिण आशियातल्या १९७१ च्या पेचप्रसंगाचा खंड २००५ मध्ये निघाला. त्यात ७ डिसेंबर १९७१ चा सीआयएचा एक अहवाल आहे. इंदिरा गांधींनी युद्धाची तीन उद्दिष्टं सांगितल्याची बातमी त्यात आहे : बांगलादेश मुक्त करायचा, पाकिस्तानकडच्या काश्मीरचा दक्षिण भाग घ्यायचा आणि पाकिस्तानचं चिलखती आणि हवाई बळ मोडायचं. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर यांनी याच बातमीवरून काय काय ताडलं ते पुढच्या पानांवर आहे. ही बातमी दिल्लीतून दिली कुणी, यावर आपल्याकडे पुढे केवढा गदारोळ झाला! खंडात ते नाव अर्थातच नाही. पण या खंडांत जिथे मजकूर गाळलाय तिथे कंसात, तिरक्या अक्षरांत लिहिलेलं असतं : एका ओळीहून कमी मजकूर खुला केलेला नाही, किंवा अमुक ओळी, अमुक परिच्छेद. मला हे वाचून हसूही आलं आणि बरंही वाटलं. लपवताहेत, पण किती लपवलं त्याचं माप देताहेत. रॉच्या बाबतीत गाळलेली जागा किती मोठी, एक ओळ की अख्खं कपाट, हेच कळत नाही. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

अमेरिकन धुतल्या तांदळासारखे आहेत असं यातून कुणी काढू नये. १९५३ च्या इराणमधल्या सत्तापालटाचा खंड त्यांनी १९८९ मध्ये छापला तो सीआयएचा हात साफ वगळून. इतिहासकारांनी बोंब ठोकली, १९९१ मध्ये कायदा झाला की हे खंड पुरे आणि खरे हवेत आणि तीस वर्षांच्या आत यायला हवेत, आणि तरी इराणची दुरुस्त आवृत्ती यायला २०१७ उजाडलं. थेट विचारायला जा, तर ‘आहे असंही म्हणत नाही, नाही असंही म्हणत नाही’ हे ठरीव उत्तर मिळतं. २०१७ मध्येच त्यांनी ९ लाखांहून जास्त जुनी कागदपत्रं इंटरनेटवर टाकली. आनंदाने उड्या मारू नका. त्यात वर्तमानपत्रांची कात्रणंच पोत्याने आहेत, आणि हवं ते शोधताना डोळे जातात. रॉमध्ये कागद नाही म्हणून रडायचं, इथे कागद आवरत नाही म्हणून. शिवाय परक्याच्या घरातली भांडणं वाचतोय ही जाणीव शेवटपर्यंत सुटत नाही. काव यांच्याविषयी वाचताना जे आपसूक आतलं वाटतं ते सीआयएचे एकेकाळचे प्रमुख ॲलन डलेस यांच्याबद्दल वाटत नाही.

म्हणून, ज्याच्या ओळखीत जुने अधिकारी आहेत, ज्याला पत्रकारितेच्या अंगाने लिहायचंय आणि तळटिपांची फार फिकीर नाही, त्याने बिनदिक्कत रॉ घ्यावी. १९७१ पुरतंच बोलायचं असेल तर दिल्लीत इंदिरा गांधींचे सचिव पी. एन. हक्सर यांची कागदपत्रं पाहता येतात. त्यात मर्यादित का होईना, पण अस्सल माल आहे. कारगिलनंतरच्या सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल हा दुसरा आधार. २००० साली तो संसदेपुढे आला. काही भाग वगळलाय, पण बातमी गोळा करणाऱ्या आणि ती वापरणाऱ्या खात्यांची एकमेकांशी गाठ कशी पडत नव्हती ते त्यात सरकारी भाषेतच वाचायला मिळतं. माझा काळ वेगळा होता म्हणून मला त्याचा उपयोग झाला नाही. बाकी ज्याला परीक्षकांपुढे उभं राहून ‘हे कशावरून?’ याचं उत्तर द्यायचंय, त्याने निदान पहिला अभ्यास सीआयएवर करावा असं मला वाटतं. हात बसला की रॉकडे येता येईल.

मी अजून आलेलो नाही. ती वही तशीच आहे. २५० आणि २ कोटींच्या पुढे पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह. कुणाला त्या आकड्यामागचा मूळ कागद दिसला असेल, तर मला जरूर कळवा. मी प्रश्नचिन्ह खोडून टाकीन.