डीएसटीचं फिस्ट अनुदान: सोलापूरच्या कॉलेजांनी घ्यावं का?

घ्यावंच. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची (डीएसटी) फिस्ट ही विज्ञान शिक्षण-संशोधनाच्या सोयी सुधारण्यासाठी अनुदान देणारी योजना २००० पासून चालू आहे आणि तिचं खरं बळ म्हणजे पैसा एका प्राध्यापकाला नाही, कॉलेजच्या अख्ख्या विभागाला किंवा कॉलेजलाच मिळतो, तोही पाच वर्षांसाठी. सर निवृत्त झाले तरी यंत्र विभागातच राहतं.

उपकरणं, प्रयोगशाळेची सुधारणा, संगणक-नेटवर्क आणि देखभाल, एवढ्यासाठी पैसे मिळतात. यंत्र चालवणाऱ्याचा पगार आणि रसायनं त्यात बसत नाहीत. सर्वांत मोठी उणीव हीच, आणि लहान शहरांना ती जास्त जाचते. शिकलेला तंत्रज्ञ नसेल तर एचपीएलसीत (द्रवातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात) बफर, म्हणजे क्षारांचं द्रावण, तसाच राहतो, क्षार पंपाच्या सीलवर बसतात आणि लाखोंचं यंत्र झाकण घालून पडून राहतं. तंत्रज्ञाच्या पगाराची लेखी हमी संस्थेकडून अर्जाआधीच घ्या.

सोलापूरच्या उन्हाळ्याचा विचार कोटेशन मागवतानाच करायला हवा. डाळिंबावरच्या तेल्या रोगाचे जिवाणू जपायला उणे ८० अंशांचा फ्रीजर घेतला, तर बहुतेक कंपन्या खोलीचं तापमान ३०-३२ अंशांच्या आत ठेवायला सांगतात. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशीपार असतो. एसी बंद पडला की कॉम्प्रेसर सतत चालून तापतो आणि शेवटी जळतो. म्हणून आलटून-पालटून चालणारे दोन एसी, यूपीएस आणि यंत्रासाठी स्वतंत्र अर्थिंग धरा. इन्स्टॉलेशनआधी न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज (न्यूट्रल आणि अर्थ या तारांमधला दाब) मोजा. ते दोन व्होल्टच्या आत हवं.

संशोधन उपकरणांवरची ५ टक्के जीएसटीची सवलत १८ जुलै २०२२ पासून बंद झाली. आता १८ टक्के धरले तर २० लाखांचं यंत्र २३.६० लाखांना पडतं. जुन्या अर्जावरून बजेट उतरवणारे इथेच फसतात.

जेमवर (सरकारी खरेदीच्या पोर्टलवर) यंत्र मिळत नसेल तर तिथूनच अनुपलब्धतेचा अहवाल काढून फाइलला लावा, मगच निविदा. वॉरंटी डिलिव्हरीपासून नको, इन्स्टॉलेशनपासून लिहून घ्या. पुढच्या पाच वर्षांच्या सर्वसमावेशक देखभाल कराराचा दरही त्याच कोटेशनमध्ये मागा, आणि दिवे, कॉलम, सील असे झिजणारे भाग त्यात आहेत का ते विचारा, बहुधा नसतात. यंत्र एकदा बसलं की दरात घासाघीस करायला जागा उरत नाही.

१२-ए नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) आणि खर्चपत्रक रुपयाला रुपया जुळायला हवं. बँकेचं व्याज वेगळं दाखवून सरकारजमा करा, नाहीतर पुढचा हप्ता अडकतो.