फिरतं रंगचक्र: पाठची बाजू कामाची, पुढची बाजू फसवी

पुठ्ठ्याच्या दोन चकत्या, मधोमध रिवेट, वरच्या चकतीला कापलेल्या खिडक्या. अब्दुल रहमान स्ट्रीटवर किंवा दादरला आर्ट मटेरियलच्या दुकानात ‘कलर व्हील’ मागितलं की हेच हातात येतं, लहान साधारण ५ इंची, मोठं ९ इंची. कडेला १२ रंग असतात. बाण पिवळ्यावर आणला की त्यात लाल, निळा, पांढरा किंवा काळा मिसळल्यावर काय होईल ते खिडक्यांत दिसतं. पाठीमागे रंगसंगतीचे त्रिकोण-चौकोन.

पैसे वसूल होतात ते या पाठीमागच्या बाजूवर. इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेच्या संकल्पचित्रासाठी विरोधी (चक्रावर समोरासमोरचे) किंवा लगतचे रंग निवडायचे असतील तर इतकं सोपं साधन दुसरं नाही. कडेची करडी पट्टीही दुर्लक्षू नका. डोळे किलकिले करून शुद्ध पिवळा तिच्याशी ताडून पाहा, तो पांढऱ्या टोकाजवळ बसतो; जांभळा काळ्याजवळ. लाल आणि हिरवा मात्र जवळपास एकाच पायरीवर येतात, म्हणून ही जोडी शेजारी लावली की कडा थरथरल्यासारख्या दिसतात.

पुढच्या बाजूवर विश्वास ठेवला की पॅलेटवर चिखल होतो. चकतीवरचा लाल भिंगातून बघा: मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि पिवळ्या शाईचे ठिपके. लाल-पिवळा-निळा हेच मूळ रंग असं शिकवणारी ही चकती स्वतः सियान (आकाशी निळा), मॅजेंटा, पिवळा आणि काळ्या शाईत छापलेली असते! खिडकीतला झगझगीत जांभळा त्या शाईचा आहे, तुमच्या ट्यूबमधला नाही. व्हरमिलियन (शेंदरी लाल) आणि प्रशियन ब्लू (गडद निळा) मिसळा, मळकट तपकिरी-करडा मिळेल. कारण व्हरमिलियन पिवळ्याकडे झुकतो, प्रशियन ब्लू हिरव्याकडे. म्हणजे जांभळ्याचा विरोधी असलेला पिवळा दोन्हीकडून मिश्रणात शिरतो. तोच जांभळा क्रिमसन आणि अल्ट्रामरीनने स्वच्छ येतो. हिरव्याचंही तसंच. लेमन यलो आणि हिरव्याकडे झुकणाऱ्या थॅलो ब्लूचा हिरवा कोवळ्या पालवीसारखा, तर केशरीकडे झुकणारा गडद पिवळा आणि अल्ट्रामरीनचा शेवाळी. शेवाळी वाईट नव्हे, पावसाळ्यातल्या झाडोऱ्याला तोच लागतो. पण चकती या दोन्हींना नुसतं ‘हिरवा’ म्हणते.

प्रमाणाबद्दल तर चकती अवाक्षर काढत नाही. थॅलो ब्लू भयंकर जोरकस असतो. निळ्यात पिवळा ओतत बसलात तर अर्धी ट्यूब संपेल आणि रंग निळाच राहील. आधी पिवळा घ्या, त्यात ब्रशच्या टोकावर मावेल इतकाच निळा, आणि तिथून पुढे वाढवा. पांढऱ्याची खिडकीही अर्धसत्य सांगते: पांढरा मिसळल्यावर रंग नुसता उजळत नाही, थंडही होतो. व्हरमिलियनमध्ये पांढरा घातला की गुलाबीपणा येतो. ऊब हवी असेल तर सोबत किंचित पिवळा लागतो.

म्हणून चकतीसोबत आपलं चक्र रंगवून ठेवावं. सहा ट्यूब पुरतात: लेमन यलो, गडद पिवळा, व्हरमिलियन, क्रिमसन, अल्ट्रामरीन, थॅलो ब्लू. प्रत्येक मिश्रण जाड कागदावर लावा, पूर्ण वाळू द्या, मगच तुलना करा, कारण जलरंग वाळल्यावर फिके पडतात. तुलना खिडकीपाशी, दिवसाउजेडी. ट्यूब घेताना नावापेक्षा पिगमेंटचा, म्हणजे रंगद्रव्याचा, क्रमांक पाहा. पीबी (पिगमेंट ब्लू) २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीबी १५ म्हणजे थॅलो ब्लू. एकाच ट्यूबवर तीन-तीन क्रमांक असतील तर ती मिश्रणाला घेऊ नका, तिच्यात आधीच तीन रंगद्रव्यं आहेत.

विकत घेताना चकती दुकानातच फिरवून बघा. रिवेट सैल असेल तर खिडकी सरकते आणि दोन रंग अर्धे-अर्धे दिसतात. फार घट्ट असेल तर पुठ्ठा घासून छपाई उडते. लॅमिनेशन नसलेली चकती घेऊच नका, ओल्या बोटाचा डाग निघत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात पुठ्ठा दमट होऊन वाकतो आणि चकत्या एकमेकींना घासतात, तेव्हा जून ते सप्टेंबर ती झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसह, आडवी ठेवावी. आणि ५ इंचीवर पैसे घालू नका: तिच्या खिडक्या इतक्या बारीक असतात की शेजारच्या दोन छटांतला फरकच कळत नाही.