चंद्राचा दगड: रानात शोधायचा की विकत घ्यायचा?

उन्हाळ्यात रानं वखरून झाली की कुणी ना कुणी पिशवीत गोटा घालून दारात उभं राहतंच. "सर, चंद्रावरचा आहे का बघा." २०२३ मध्ये चांद्रयान-३ उतरल्यापासून असे पाहुणे वाढलेत. काहीजण पुढचंही विचारतात: शोधत फिरू की विकत घेऊ? आणि घ्यायचाच तर चंद्राचा तुकडा की साधी अशनी? (अशनी म्हणजे आकाशातून पृथ्वीवर पडलेला दगड.)

आधी शोधण्याचं सांगतो, गोंधळ तिथंच जास्त आहे. चंद्रावरून आलेली म्हणून ओळख पटलेली पहिली अशनी १९८२ च्या जानेवारीत अंटार्क्टिकात मिळाली, वजन जेमतेम ३१ ग्रॅम. नंतरच्या बऱ्याचशा सहारात आणि ओमानच्या वाळवंटात सापडल्या. बर्फावर किंवा फिक्या वाळूवर काळा दगड लांबून दिसतो आणि कोरड्या हवेत हजारो वर्षं टिकतो. आपल्याकडं माती काळी, धोंडे काळे, वर दरसाल पावसाळा.

"अशनी चुंबकाला चिकटते" हे सगळ्यांना पाठ असतं. साध्या अशनीबद्दल, म्हणजे कोंड्राइटबद्दल, ते खरं आहे. तिच्यात लोह-निकेलचे कण असतात. चंद्राच्या दगडात असं लोह नावापुरतं. उलट आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या खडकात, मॅग्नेटाइट हे चुंबकाला ओढणारं खनिज असल्यानं दोऱ्याला टांगलेलं चुंबक बांधावरच्या धोंड्याकडंही झुकतं. म्हणजे घरचा पास, चंद्राचा नापास!

पांढऱ्या ठिपक्यांचंही तसंच. चंद्राच्या कित्येक अशनी म्हणजे आघातानं फुटून पुन्हा सांधलेला चुरा असतो: करड्या दगडात पांढरे, कोनाकोनाचे तुकडे. आपल्या खडकातले पांढरे डाग बहुतेकदा गोलसर पोकळ्यांत भरलेले झिओलाइट, म्हणजे पाणी धरून ठेवणारं पांढरं खनिज, असतात. त्याचा चिमूटभर चुरा परीक्षानळीत तापवा, वरच्या काचेवर पाण्याचे थेंब जमतील. चंद्राच्या खडकात असं पाणी धरून बसलेली खनिजं जवळपास नसतात. एवढ्यावर बरेच गोटे बाद होतात, पण उरलेला चंद्राचाच असतो असं नाही. निकाल प्रयोगशाळेतच लागतो. तिथं लोह आणि मँगनीज मोजतात. चंद्राच्या खडकात लोह मँगनीजच्या साधारण ७० पट असतं. ऑक्सिजनची समस्थानिकं (त्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) मात्र पृथ्वीची आणि चंद्राची जवळपास सारखीच, त्यामुळं एकट्या त्यांच्यावर भागत नाही.

मी स्वतः जालन्याच्या रस्त्यावर उचललेला एक जड, चकाकणारा दगड वर्षभर कपाटात जपला होता. कापल्यावर आत बुडबुडेच बुडबुडे. पोलादाच्या भट्टीतला मळ!

बरं, खरी अशनी मिळालीच, तरी आपल्या देशात ती भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडं सोपवायची रीत आहे. संग्रहात राहील असं धरून चालू नका. आणि ती कोंड्राइट असण्याचीच शक्यता कितीतरी जास्त; २०१२ च्या मे महिन्यात काटोलला पडलेल्या अशनी त्याच जातीच्या होत्या.

आता खरेदी. कोंड्राइट ग्रॅमला शेकड्यांत मिळते, चंद्राची हजारांत. थोड्या पैशात बारीकसाच तुकडा येतो आणि भिंगाशिवाय त्यात फारसं काही कळत नाही. खरं सांगायचं तर तुम्ही पैसे दगडाचे नव्हे, ओळख पटवल्याचे मोजता. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न नावाचा करा: 'एनडब्ल्यूए' (वायव्य आफ्रिकेत सापडलेल्या अशनींच्या नावातली इंग्रजी आद्याक्षरं) आणि पुढं कोणता आकडा? तो आकडा मेटिऑरिटिकल बुलेटिनच्या, म्हणजे अशनींच्या अधिकृत नोंदींच्या, यादीत स्वतः शोधा, तिथं 'ल्युनर' म्हणजे चंद्राची असा प्रकार लिहिलेला आहे का बघा. आकडा खरा असूनही तुकडा दुसऱ्याच दगडाचा असू शकतो, तेव्हा मूळ दगड कुणाकडून घेतला तेही विचारा. "अपोलोनं आणलेला" म्हणून कुणी विकत असेल तर तिथूनच माघारी फिरा. अपोलो मोहिमांत अंतराळवीरांनी चंद्रावरून आणलेले ते ३८२ किलो खडक बाजारात येत नाहीत.

दहा हजारांच्या आत बसवायचं असेल तर मी कापलेली, एक बाजू घासलेली कोंड्राइट घ्यायला सांगेन आणि उरलेल्यात चांगलं भिंग. आकाशातला दगड कसा दिसतो हे डोळ्यांना तीच शिकवते: लोहाचे चमकते ठिपके, बारीक गोल दाणे, कडेला काळी पातळ साल. चंद्राचा तुकडा नंतर, हौस टिकली तर.

माझ्याकडं आता दोन्ही आहेत. शेजारचा तिसरीतला मुलगा कोंड्राइटला चुंबक लावत अर्धा तास बसला. चंद्राचा तुकडा दाखवला तर म्हणाला, "हा तर आमच्या विहिरीतला मुरूम!"