५ फणी खत-बी पेरणी यंत्र : एकाच रानात दोन मात्रा टाकताना

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात आमचं ६ एकर कोरडवाहू रान आहे. वरचं साडेतीन एकर मुरमाड, ओढ्याकडचं अडीच एकर काळं भारी. मातीच्या सरकारी आरोग्य पत्रिकेसाठी सुरुवातीच्या वर्षांत कोरडवाहू भागात १० हेक्टरच्या चौकोनाला मातीचा एक नमुना धरायचे; त्यात आमचे दोन पट्टे वेगळे दिसणार कसे? म्हणून मी दोन्हीकडची माती वेगवेगळी तपासून आणली. वर स्फुरद (फॉस्फरस) कमी, खाली बरं. त्यामुळे सोयाबीनला वर डीएपी, म्हणजे नत्र-स्फुरदाचं दाणेदार खत, एकरी ५० किलो आणि खाली ३५ असं ठरवलं. हे यंत्र घेतलं ते त्यासाठीच. दोन हंगाम वापरून लिहिते आहे.

बियाण्याची बाजू चांगली आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. दुखणं सगळं खताच्या पेटीत आहे.

पेटीवरच्या तक्त्यात ४ नंबरच्या खुणेला ५० किलो लिहिलंय. मी त्यावर विसंबले नाही. यंत्र जॅकवर उचललं आणि चाकाचा घेर टेपने मोजला, तो दीड मीटर भरला. चाकाचे २० फेरे म्हणजे ३० मीटर चाल. पाच फणांची रुंदी सव्वादोन मीटर, म्हणजे साडेसदुसष्ट चौरस मीटर, एकराचा साठावा भाग. एकरी ५० किलोला ८३३ ग्रॅम पडायला हवं, पडलं १ किलो २० ग्रॅम. म्हणजे एकरी ६१ किलो! तक्त्यावर भरवसा ठेवून पेरलं असतं तर साडेतीन एकरात ३९ किलो डीएपी जास्त गेलं असतं. शिवाय प्रत्येक नळीखाली वेगळी पिशवी बांधली होती, तर एका नळीतून बाकीच्यांपेक्षा बरंच कमी येत होतं. तिच्यात खत सोडणाऱ्या रोलरच्या खाचांत जुनं खत दगडासारखं बसलं होतं.

३५ किलोची जागा २ आणि ३ च्या मध्ये सापडली. दोन्ही ठिकाणी लाल ऑइलपेंटने खूण केली. ही खूण फक्त डीएपीची. १०:२६:२६ हे दुसरं खत भरलं तर दाणा वेगळा, वजन वेगळं, परत मोजावं लागतं.

मात्रा बदलायची लिव्हर मात्र पेटीच्या मागे आहे, तीही नटाने आवळायची. दर फेरीला पट्टा बदलला असता तर भाऊजींना शंभर वेळा ट्रॅक्टरवरून उतरावं लागलं असतं. आमची पेरणी उताराला आडवी असते. ती पाणी मुरावं म्हणून, पण इथेही तिनेच तारलं. आधी वरचा पट्टा पूर्ण, मग नट सैल करून खालचा. उताराच्या दिशेने तास (पेरणीच्या ओळी) धरणाऱ्यांनी या यंत्राकडून दोन मात्रांची आशा ठेवू नये.

पहिल्या वर्षी खालच्या पट्ट्यासाठी दोन पोती, १०० किलो, मोजून भरलं. साडेबारा किलो उरायला हवं होतं, उरलं पंचवीस. काळ्या ओल्या रानात चाकाला चिखल चढला, ते फिरण्याऐवजी घसटत गेलं आणि चाक फिरलं नाही की खत पडत नाही. भाऊजी म्हणाले, "वहिनी, वाफसा यायच्या आधीच घाई केली आपण." खरं होतं, रान अजून पेरणीजोगं सुकलं नव्हतं. पण चिखल खरवडणारी पट्टी यंत्रावर मुळातच हवी. आम्ही ती गावातल्या वेल्डरकडून बसवून घेतली. यंदा उरलेलं खत चौदा किलो भरलं.

पेटी साध्या पत्र्याची आहे. पेरणी झाली त्याच संध्याकाळी झाडून, धुऊन, डिझेलचा हात फिरवला नाही तर गंज धरते.

परदेशात मोठ्या यंत्रांवर जीपीएस आणि नकाशा वाचून मोटरच रोलरचा वेग बदलते. आम्हाला तेवढं नको. लिव्हर चालवणाऱ्याच्या हाताशी आणि पेटी न गंजणारी, एवढं दिलं तर मी चार पैसे जास्त मोजीन.

यंत्र घ्यायला जाल तेव्हा अर्धं पोतं डीएपी आणि वजनकाटा बरोबर न्या. दुकानातच २० फेरे फिरवून बघा. विक्रेता नको म्हणाला तर दुसरं दुकान गाठा.