अष्टपैलू सायकलपटूचा हंगाम आखायला प्रोसायकलिंगस्टॅट्स किती कामाची?

प्रोसायकलिंगस्टॅट्स ही व्यावसायिक सायकल शर्यतींची आकडेवारी देणारी साइट; निकाल बघायला ती सगळेच उघडतात. पण व्हाउट फान आर्ट या बेल्जियनासारख्या सायकलपटूने कोणत्या शर्यतींवर जोर लावावा, हे ठरवायलाही ती उपयोगी पडते. 2021 च्या तूर द फ्रान्समध्ये त्याने मोंव्हांतूचा टप्पा, टाइम ट्रायल (एकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत) आणि पॅरिसच्या शाँझेलिझेवरचा स्प्रिंट असे तिन्ही जिंकले. ज्याला सगळेच जमते, त्याला काय सोडायचे हे ठरवणे जड जाते.

साइटवरचा सर्वांत कामाचा आकडा प्रोफाइलस्कोअर, म्हणजे मार्गातले चढ किती अवघड आहेत याचे गुण. चढाच्या सरासरी टक्क्यांचे निम्मे करा, त्याचा वर्ग करा आणि चढाच्या किलोमीटरने गुणा. चढ शर्यतीच्या शेवटच्या 10 किमीत असेल तर पूर्ण गुण, 10 ते 25 किमीत 0.8 पट, पुढे उतरत 0.2 पर्यंत. म्हणजे सुरुवातीचा मोठा घाटही जवळजवळ मोजला जात नाही. हे बरोबरच आहे, कारण निकाल बहुधा शेवटच्या तासात लागतो.

गोची दगडी रस्त्यांवर होते. मिलान–सान रेमो या इटलीतल्या शर्यतीतला चिप्रेसा चढ (5.6 किमी, 4.1 टक्के) या सूत्राने सुमारे 19 गुण मिळवतो, तर बेल्जियमच्या फ्लँडर्स शर्यतीतला औदे क्वारेमाँट हा दगडी चढ, शेवटच्या फेरीत (2.2 किमी, 4 टक्के), जेमतेम 7. प्रत्यक्षात 2023 आणि 2025 मध्ये स्लोव्हेनियाच्या पोगाचारने फ्लँडर्स क्वारेमाँटवरच फोडली. फ्रान्समधल्या पारी–रुबे शर्यतीत तर चढच नाहीत, आणि 55 किमीच्या आसपास दगड आहेत. वारा आणि 290 किमीचा थकवाही या आकड्यात धरलेला नाही. त्यामुळे हा आकडा घाटांच्या टप्प्यांची तुलना करायला वापरावा, बेल्जियमसाठी नाही.

सायकलपटूच्या पानावरचे खासियतींचे पट्टेही जपून वाचावेत. त्यात पूर्ण कारकिर्दीची बेरीज असते, आजचा फॉर्म नाही. त्यापेक्षा गेल्या दोन हंगामांचे निकाल शर्यतीच्या प्रकारानुसार चाळावेत.

साइटचे स्वतःचे गुण आणि यूसीआयचे (आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाचे) गुण वेगळे असतात, आणि संघाचा परवाना यूसीआयच्या गुणांवर ठरतो. मॉन्युमेंट (सर्वांत मोठ्या पाच एकदिवसीय शर्यतींपैकी एक) जिंकल्यास 800, तूरच्या टप्प्याला 210, 1.1 दर्जाच्या साध्या एकदिवसीय शर्यतीला 125. खाली घसरण्याची भीती असलेल्या संघाला अष्टपैलू माणूस छोट्या शर्यतींत पळवणे परवडते. बलाढ्य संघात तोच हिशेब मूर्खपणाचा.

आता साइट जे सांगत नाही ते. कॅलेंडर पानावर तारखा मिळतात, पण दोन शर्यतींमधली विश्रांती आणि उंचीवरचे शिबिर कुठे बसवायचे हे आपणच बघायचे. 2025 मध्ये फान आर्टने इटलीतल्या स्त्रादे बियांके आणि सान रेमो या शर्यती सोडून शिबिर घेतले. फ्लँडर्स 6 एप्रिलला, रुबे 13 ला, नेदरलँड्समधली आम्स्टेल 20 ला, तिन्हीकडे तो चौथा. पाय होते, पण तीन रविवार तीन वेगळ्या प्रकारच्या शर्यती! यातल्या दोनच निवडून तिसरीत सहकाऱ्यासाठी पळणे आम्हाला जास्त पटते. उन्हाळ्यातही तेच: तूरमध्ये सर्वाधिक गुणांची हिरवी जर्सी हवी असेल तर टप्प्याच्या मधले स्प्रिंट रोज लढावे लागतात, आणि मग डोंगरात कप्तानासाठी उरणारे बळ कमी होते.

साइटवरचे यातले बहुतेक सगळे मोफत दिसते. स्टार्टलिस्ट (कोण उतरणार याची यादी) मात्र शर्यतीच्या आदल्या दिवशी पुन्हा उघडावी; आठवडाभर आधीची यादी हमखास बदलते.